जाणारा माणूस येतो म्हणतो

मुक्काम पोस्ट पालम, जिल्हा परभणी
नऊ मे, टळटळीत दुपार

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठ अंगांनी घातलेला. तुम्ही म्हणाल, आपल्याला अंगं एकवीस, मग उरलेली तेरा कुठं गेली? ती मी अकरा वर्षं शर्टात कोंबून ठेवली आहेत आणि उन्हाळ्यात त्यांना घामोळं येतं. त्यांचा नमस्कार समक्ष भेटीत घालीन.) इकडे मी खुशाल नाही. तुम्ही तिकडे खुशाल असणारच, कारण दुसऱ्याला मोहिमेवर धाडणारे सगळे खुशालच असतात, असं माझ्या पाहण्यात आलं आहे. मामींचा दुसरा घसा कसा आहे? सूर्य बदलला की त्यांना खोकला होतो, तेव्हा दुधात हळद घालून द्यावी. (हळद म्हणजे एक पिवळी पूड. इथले लोक ती जखमेला, नवरीला आणि वरणाला सारख्याच श्रद्धेनं लावतात.)

पत्र मराठीत लिहिलं म्हणून रागावू नये. आपली भाषा बोलायला दोन तोंडं लागतात आणि या रूपाला एकच आहे. दुसरं इतकी वर्षं मिटून राहिल्यामुळे आता उघडत नाही. भाषांतर खात्यात एखादा रिकामटेकडा असेलच, त्याच्याकडून वाचून घ्या. मायना बबिताच्या नववीच्या पुस्तकातल्या पत्रलेखनावरून घेतला आहे. बबिता कोण, ते पुढं येईल.

तुमची खबर परवा मिळाली. चौदा तारखेला सुटकेचं वाहन येतंय म्हणे. अकरा वर्षांनी का होईना, भाचा आठवला हे मोठं झालं! वाहन भर दुपारी बाराला उतरवावं. रात्रीचं मुळीच नको, कारण उन्हाळ्यात रात्री अख्खं गाव गच्चीवर आडवं होऊन आकाशाकडेच बघत असतं. मे महिन्यात पालममध्ये दुपारी बाराला मात्र कुत्रंही नालीतून उठत नाही. त्या वेळी तुम्ही अख्खी आकाशगंगा उतरवलीत तरी कुणी दार उघडून बघणार नाही. फार तर आतून कुणीतरी ओरडेल की झोपू द्या.

आता आमची हकिगत. यान भलतीकडे उतरून कायमचं अडकलं, त्यात यंत्राचा काडीचाही दोष नव्हता, हे चौकशी समितीला निक्षून सांगा. दोष तुमच्या जावयाचा. (मला मामेबहिणीचं मन दुखवायचं नाही. पण ज्याला डावं-उजवं कळत नाही त्याला एक वेळ मुलगी द्या, यान देऊ नका, असं मी मांडवातच म्हणालो होतो.) आम्हाला जायचं होतं समुद्राकाठच्या कुठल्याशा शहरात, जिथं म्हणे शास्त्रज्ञ राहतात. जावयांनी ऐन वेळी डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळवलं आणि आम्ही उतरलो पालमबाहेर, कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानात, जिथल्या भेगांत माझा अख्खा पाय जात होता. इथं एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' म्हणजे दुसरीकडे कुठं जमलं तर जमलं, नाहीतर परभणी आहेच. अख्ख्या विश्वात आमचं कुठंच जमणार नाही, हे या लोकांना आधीपासून ठाऊक होतं की काय कोण जाणे. (दुसरी एक म्हण आहे, 'जगात जर्मनी, भारतात परभणी.' तिचा अर्थ मी अकरा वर्षं विचारतोय. सगळे छाती पुढं काढतात, अर्थ कुणी सांगत नाही.)

मला वाटलं होतं, एवढं मोठं गोल यान आभाळातून येऊन चार पायांवर उभं राहिलं म्हणजे लोक घाबरतील, पळतील, निदान हात तरी जोडतील. छे! सकाळी एक गृहस्थ म्हशी घेऊन आले, त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "झाली बा येकदाची टाकी." संपलं. दुपारपर्यंत गावभर झालं की पाण्याची टाकी आली. तिसऱ्या दिवशी नारळ फुटला, आठव्या दिवशी कुणीतरी निळा रंग मारून त्यावर 'जलकुंभ क्रमांक ४' असं लिहून गेलं. (एक ते तीन कुठं आहेत, ते मला आजवर सापडलेलं नाही.) टाकीत पाणी येत नाही, यावरून तरी कुणाला संशय यावा? उलट त्यामुळेच सगळ्यांची खात्री पटली. आपल्या दिशादर्शक पंखावर सुमनबाई नावाच्या एक बाई दरसाल कुरडया वाळत घालतात आणि पंख चांगला तापतो म्हणून शेजारणींना सांगतात. आकाशगंगेतल्या सर्वांत नाजूक यंत्राचं हे चीज झालं. मी एकदा त्यांना नको म्हणालो, तर त्यांनी मलाच कावळे हाकायला बसवलं.

मग रूपांचा प्रश्न आला. नियमावलीत कलम आहे की स्थानिक चेहरा घ्यावा आणि तो तंतोतंत उतरवावा. आम्ही लपतछपत गावात शिरलो तर स्टँडसमोर चेहऱ्यांचं प्रदर्शनच भरलेलं! उंच उंच फलक, त्यांवर माणसापेक्षा मोठे चेहरे, खाली नावं. आम्हाला वाटलं, काय ही सोय, बाहेरून येणाऱ्यांसाठी नमुने मांडून ठेवलेत. इथं याला फ्लेक्स म्हणतात. या लोकांना स्वतःचे चेहरे रोज एकमेकांना दिसत असूनही ते पुन्हा मोठे करून चौकात टांगल्याशिवाय राहवत नाही, ही गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. लिपीही येत नव्हती. तिथंच घात झाला.

आम्हा तिघांपैकी जो यंत्रज्ञ, त्यानं एका भारदस्त मिशांच्या वयस्कर गृहस्थांचा चेहरा घेतला. फलकावर त्यांच्या गळ्यात हार होता, तोही त्यानं दागिना समजून उतरवून घेतला. ते आश्रुबा. त्यांना वारून नऊ दिवस झाले होते आणि चेहऱ्यावर ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं छापलेलं होतं, हे आम्हाला चार महिन्यांनी वाचता आलं. दुसऱ्या दिवशी हा भूक लागली म्हणून नदीकडे गेला. तिथं माणसं जमलेली आणि मध्ये पानावर भाताचा गोळा. (इथं माणूस गेला की दहाव्या दिवशी त्याच्यासाठी पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली म्हणतात. मेलेल्याला जिवंतपणी इच्छा विचारायची मात्र पद्धत नाही.) दोन तास कावळा शिवत नव्हता. कुणी म्हणे नातवाचं लगीन लावतो म्हणा, कुणी म्हणे बांधावरचा आंबा तोडत नाही म्हणा. एवढ्यात हार घातलेले आश्रुबा स्वतः चालत आले, मांडी घालून बसले आणि पिंड खाऊन टाकला. वर आणखी आहे का, म्हणून पान उचलून पाहिलं. नदीला पाणी असतं तर निम्मी माणसं बुडाली असती. ती कोरडीच पलीकडे गेली. थोरला मुलगा तेवढा जागेवर राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बापू, हिरीवरल्या मोटारीच्या पेटीची चावी कुठं ठिवलाव?"

मामा, विचार करा. बाप परलोकातून परत आलाय, मृत्यूचं कोडं समोर मांडी घालून बसलंय आणि याला हवी आहे पेटीची चावी! या जमातीची जिज्ञासा एवढीच. यंत्रज्ञ तिथून जो सुटला तो सेलूत जाऊन थांबला. दुधानं तोंड पोळलेलं, म्हणून या खेपेला त्यानं ताकही फुंकून प्यायचं ठरवलं आणि ज्याला कुणी नातेवाईक दिसत नाही असा एक चेहरा कापडदुकानाच्या काचेतून घेतला. तो पुतळा निघाला. सध्या तो त्याच दुकानात त्या पुतळ्याशेजारी उभा असतो. एकाचे दोन झाले, हे मालकाच्या लक्षात आलेलं नाही. मालक दर दिवाळीला दोघांनाही नवे कपडे चढवतो. मागच्या महिन्यात मी कापसाच्या गाडीतून सेलूला गेलो तेव्हा यंत्रज्ञ ओठ न हलवता म्हणाला की आयुष्यात इतकी शांतता कधी मिळाली नव्हती.

तुमच्या जावयांची निवड त्यांच्या स्वभावाला साजेशी. सर्वांत मोठा फलक, त्यावर सर्वांत मोठा चेहरा, डोळ्यांना गॉगल, कानाला मोबाइल, आणि खाली साठ लहान चेहरे वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे. हा योगीराज, भावी नगरसेवक. (भावी म्हणजे पुढं होणारा. अकरा वर्षं तो भावीच आहे.) खरा योगीराज जिवंत, त्याच चौकात पान खात उभा. मला वाटलं, आता पकडले गेलो. काही नाही! एक योगीराज लग्नाला, एक मयतीला. एकाच मुहूर्तावर दोन गावांत दोन नारळ फुटतात आणि लोक म्हणतात, पोरगं लय धावपळीचं हाय. दोघं एकदा समोरासमोर आले तेव्हा खरा म्हणाला, "बरं झालं भौ तुमी आलाव. मला बी येकट्याला झेपत न्हवतं." आता दोघं वाटून घेतात. उद्घाटनं जावयांकडे, कारण त्यांना कुठल्याही वस्तूची फीत कापता येते, ती वस्तू काय आहे हे कळायची गरज पडत नाही. तिकडे यान हाकतानाही त्यांची हीच रीत होती.

मी मात्र विचारपूर्वक वागलो. फ्लेक्सच्या भपक्याला न भुलता स्टँडच्या खांबावर चिकटवलेला एक साधा कागद निवडला. साधा चेहरा, खाली बारीक अक्षरांत भरपूर मजकूर. म्हटलं, ज्याची एवढी माहिती दिलीय तो नमुना दर्जेदार असणार. चोख उतरवला. डाव्या गालावर तीळ, उजवीकडे भांग, डाव्या भुवईत कापल्याची खूण, तसूभर फरक नाही. (माझ्या कामातला चोखपणा तुम्हाला ठाऊक आहेच.) त्या कागदाचा मथळा होता, 'आपण यांना पाहिलंत का?' पाच मिनिटांत मला चार जणांनी पाहिलं. अर्ध्या तासात एक बाई आली, अंगणवाडीतून तशीच उठून, हाताला पीठ लागलेलं. ती सत्यशीला. तिचा नवरा दत्तराव, शाळेतला शिपाई, तीन वर्षांपूर्वी साखर आणायला म्हणून घराबाहेर पडला होता तो परतलाच नव्हता.

ती माझ्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं, मग खांबावरच्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी चौकशीला तयार होतो. ग्रहगोलांच्या भ्रमणाचा नकाशा तोंडपाठ होता, खोटा जन्मवृत्तांत रचून ठेवला होता. बाईनं कागद खांबावरून सोलून काढला, चार घड्या घालून कमरेला खोचला आणि विचारलं, "साखर आणलाव का?" मी नाही म्हणालो. "चला मग," म्हणाली. झाली चौकशी! तीन वर्षं कुठं होता, काय खाल्लं, का गेला, एक प्रश्न नाही, आजतागायत नाही. माझी बाज ओसरीत टाकली ती आजही ओसरीतच आहे. साखरेची शिक्षा असावी. पहिली तीन वर्षं मी उजवी चप्पल डाव्या पायात घालत होतो, पाणी नाकानं पीत होतो, झोपेत भिंतीवर चढत होतो. दर वेळी बाई मुकाट्यानं चप्पल सरळ करून ठेवायची, नाहीतर खालून सांगायची की पडताल, उतरा. अकरा वर्षांत तिला कधी म्हणून संशय आला नाही. इतकी भोळी व्यक्ती मी तीन सूर्यमालांत पाहिली नाही.

बबिता ही तिची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात भिंतीवर दोन तसबिरी आहेत, एक बुद्धांची, एक बाबासाहेबांची. मी पहिल्या दिवशी विचारलं की यातले आपले नातेवाईक कोणते, तर ती म्हणाली, "दोघं बी." (मला हे उत्तर आवडलं होतं. या एका बाबतीत मी काही टीका करत नाही.) तिनंच मला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि अक्षर खराब आलं की छडीही मारली.

मग बाईनं मला भगवानरावांच्या दुकानात कामाला लावलं. तेच ते दुकान, जिथं तालुक्यातले सगळे फ्लेक्स आणि झेरॉक्स निघतात. खांबावरचा तो कागदही तिथंच छापला होता. भगवानराव म्हणजे या जमातीच्या निष्काळजीपणाचा अर्क. साखरपुड्याच्या फलकावर श्रद्धांजलीचा दिवा ठेवतात, एकाच्या धडावर दुसऱ्याचं डोकं बसवतात, फोटो आरशातल्यासारखे उलटे छापतात आणि कुणी भांडायला आलं की म्हणतात, माणूस तोच हाय ना? मी दुकानात आल्यापासून एक चूक झाली नाही, तर गिऱ्हाइकं म्हणतात आताशा फ्लेक्समध्ये जान राहिली न्हाई.

पण मामा, या सगळ्यावर कडी केली आहे ती यांच्या भाषेनं. इथं घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. डोळ्यांदेखत निघालेला असतो, पायात चप्पल, तोंड दाराकडे, आणि म्हणतो काय, तर येतो! मी शास्त्रीय शिस्तीचा माणूस. पहिल्या सकाळी दुकानाला निघताना उंबऱ्यावर स्पष्ट म्हणालो, जातो. बाईच्या हातातलं सूप खाली पडलं. मला दंडाला धरून आत आणलं, बसवलं, पाणी पाजलं आणि म्हणाली, "जातो म्हणू न्हाई. येतो म्हणावं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सूप, दंड, पाणी. असा मी चाळीस दिवस दुकानात उशिरा पोचलो. शेजारच्या बायनाबाईंनी खुलासा केला तो असा, की दत्तराव त्या दिवशी चहा अगोड झाला म्हणून चिडले आणि साखर आणायला निघताना उंबऱ्यावर म्हणाले, जातो मी. आणि गेलेच. बायनाबाईंच्या मते दोष नवऱ्याचा नाही, शब्दाचा. जिथं परत यायचं असतं तिथं येतो म्हणावं, जातो म्हणणारा परत येत नसतो. सांगा आता! एक माणूस पळून जातो आणि हे लोक व्याकरणाला धरतात. खात्यासाठी मी जो शब्दकोश करतोय त्यात नोंद केली आहे: 'येतो, क्रियापद. अर्थ जातो. हे लोक खोटं बोलतात आणि त्याला रीत म्हणतात.' मी मात्र उशीर टाळण्यासाठी येतो म्हणू लागलो. अकरा वर्षं रोज म्हणतोय, निव्वळ सोय म्हणून.

तेव्हा सारांश इतकाच, की हा ग्रह राहण्याच्या लायकीचा नाही. लोक बघत नाहीत, विचारत नाहीत, पाण्याच्या टाकीत पाणी आहे का हे चढून पाहत नाहीत. चौदा तारखेला बारा वाजता मी जलकुंभ क्रमांक चारवर पिशवी घेऊन उभा असेन. निरोपाबिरोपाचा प्रश्न नाही. मी गेलो हेही इथं कुणाच्या लक्षात यायचं नाही. मामींना आणि लहानथोरांना नमस्कार-आशीर्वाद, ज्याचा जो असेल तो.

आपला आज्ञाधारक भाचा,
(सध्या) दत्तराव

ता. क. चौदाऐवजी सतरा तारीख जमेल का? बबिता एसटीत कंडक्टर झाली आहे. सोळा तारखेला पालम-परभणी गाडीवर तिची पहिली ड्यूटी, आणि पहिलं तिकीट माझंच फाडायचं असा तिचा हट्ट आहे. मला त्यात काडीचा रस नाही. पण पहिल्याच सीटवर बाप दिसला नाही तर उगाच संशय येईल, आणि नियमावलीनुसार संशय टाळणं हे माझं कर्तव्य आहे. तिनं मला खिडकीची जागा सांगून ठेवली आहे.

ता. क. दोन. वाहन लहान पाठवलं तरी चालेल. यंत्रज्ञ काचेतून हलायला तयार नाही. जावई म्हणतात, निवडणूक लागेपर्यंत तरी थांबा. मामेबहिणीला हे हळूहळू सांगा. शिवाय सतराऐवजी वीस धरा. घरातली साखर एकोणीसला संपते, ती आणून ठेवून निघालेलं बरं. बाई एकटी पडली की बायनाबाईंकडून उसनी आणते आणि बायनाबाई ती ओलसर देतात.

ता. क. तीन. आज बारा मे. पत्र तीन दिवस खिशातच होतं. आज दुपारी टाकीपर्यंतची वाट किती मिनिटांची, ते पाहून ठेवावं म्हणून निघालो. उंबऱ्यावर आलो आणि वाटलं, अकरा वर्षं या भोळ्या बाईशी खोटं बोललो, आज तरी खरा शब्द वापरावा. म्हणालो, जातो.

या वेळी सूप पडलं नाही. ती गहू निवडत होती, निवडतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "जायचं तर जा. पर मला येडी समजून जाऊ नका. माज्या नवऱ्याचा तीळ उजव्या गालाला होता. भगवानरावानं फोटू उलटा छापला, तवा मी भांडून आले होते त्याच्याशी. स्टँडवर तुमाला बगितलं तर तीळ डाव्या गालाला, भांग उलटा. म्हणलं, ह्यो तर कागदातून उतरल्याला मानूस हाय."

मामा, माझ्या चोखपणाबद्दल पुढं कुणाशी बोलू नका.

मी खाली बसलो. विचारलं, मग घरी का आणलं? ती म्हणाली, "त्यो खुशाल हाय तिकडं दुसरं घर करून. मला आदीच कळलं होतं. त्या दिशी मी कागद काढायलाच निघनार होते, तर लोक सांगत आले की सापडला म्हणून. येऊन बगते तर तुमी उन्हात हुबे. चपला उलट्या. कुनाला काय इचारावं ते बी कळंना. म्हणलं, आपला न्हाई, पर हरवल्याला तर खराच हाय." मग सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "तुमी कोन, कुठले, मी इचारलं न्हाई अन् इचारनार न्हाई. अकरा सालं झाली, साखर आणायला जाताव अन् साखर घेऊन येताव. मानसाचं आनखी काय असतंय?"

माझं दुसरं तोंड इतक्या वर्षांनी आपोआप उघडलं. शर्टातली तेराही अंगं गुंड्यांमधून बाहेर डोकावली, ती तिनं पाहिली असणार, पण पदरानं माझ्या कपाळावरचा घाम तेवढा टिपला. म्हणाली, ऊन लय हाय, उगं टाकीकडं जाऊ नका, जायचंच तर किलोभर साखर घेऊन या, आज बबिताला शिरा करते. मी पिशवी घेतली. उंबऱ्यावर थांबलो आणि म्हणालो, येतो. साखर आणली. शिरा चांगला झाला होता.

शब्दकोशातली ती नोंद खोडली आहे. नवीन नोंद: 'येतो, क्रियापद. अर्थ येतो.'

ता. क. चार. वाहन पाठवू नका. चौदाला नको, सतराला नको, वीसला नको. भोळं कोण होतं ते मला कळलं आहे, आता ते आणखी कुणाला कळू नये. विनंती एकच. तिकडे एखाद्या खांबावर माझ्या नावाचा कागद लावला असेल, तर तेवढा काढून घ्या. आपण यांना पाहिलंत का, असं आता कुणी विचारायची गरज नाही. मामींच्या घशाला हळद चालू ठेवा, जिभेवर रेंगाळू देत प्यायला सांगा. तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत. तुमच्याशी खोटं बोलवत नाही.

मामा, जातो.